नरम बटन

४ ऑगस्ट

सकाळी पुष्पाची हाक ऐकून बाहेर गेलो. गाडीच्या डिकीची चावी फिरत नव्हती. ती मागे वाकून, दोन्ही हातांनी चावी धरून उभी होती. वजनकाटा, उंची मोजायची पट्टी आणि ती कापडी बाहुली ओट्यावर ठेवलेली. पुष्पा अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. तांड्या-गावांत फिरायचं तर हा सगळा संसार बरोबर लागतो. बाहुली आयांना शिकवण्यासाठी आहे, बाळाला कसं धरायचं ते.

"गंजली वाटते," ती म्हणाली. "पाहा बरं तुमी."

मी फिरवली. एका झटक्यात उघडली.

सामान मी ठेवलं, ती निघून गेली. कॉलेजात दिवसभर वाटत राहिलं की मी डिकी इतक्या सहज उघडायला नको होती. थोडं अडल्यासारखं दाखवलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. तिला खोटं पाडायचा माझा हेतू नव्हता. पण हेतू नव्हता म्हणजे सुटलो, असं थोडंच आहे?

९ ऑगस्ट

कुलपात शिवणयंत्राचं तेल सोडलं. चावी आता दोन बोटांनी फिरते. पुष्पाला बोलावून दाखवलं. तिनं धरली, सोडली, आणि हसली.

"तुमच्या हातानं फिरते. माह्या हाताले वळखत नाही ती."

हा टोमणा होता की काय, याचा विचार करतो आहे. मला गाडी येत नाही. लग्नानंतर शिकायला गेलो होतो आणि तिसऱ्याच दिवशी दारव्ह्याच्या रस्त्यावर गाडी तुरीच्या शेतात घातली. पुढे धीर झाला नाही. पुष्पाला तिच्या भावानं, लखननं, पांढरकवड्याला ट्रकच्या मोकळ्या आवारात शिकवलं. ही जुनी गाडीही त्याचीच. सीटखालचा डिकीचा खटका तेव्हापासून तुटलेला आहे. गाडी पुष्पा चालवते आणि मी पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसतो. गावात लोक तिला 'राठोड सरांचा ड्रायव्हर' म्हणतात. ती हसते. मी कधी विचारलं नाही की हसू खरं असतं का.

२० ऑगस्ट

या महिन्यात घरात भाकरी झालेली नाही. समोरच्या बेबीताई पोळ्या करून देतात. पुष्पा म्हणते, भाकरीनं पोट जड होतं. मागे एकदा मी 'आज जाड झाली' असं म्हणालो होतो. ते तिनं मनात धरलं असेल का? विचारलं तर म्हणाली, "तुमाले प्रत्येक गोष्टीत आपलंच नाव काहून दिसते?"

तरी माफी मागितली.

२ सप्टेंबर

पुष्पा दोन दिवस लखनकडे जाऊन आली. थकलेली दिसली. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत सुई टोचल्यासारखे बारीक ठिपके होते. डास म्हणाली. पांढरकवड्याला जंगल जवळ, डास असणारच. मी कडुलिंबाचं तेल लावून दिलं. तिनं हात लावू दिला, पण पाहत दुसरीकडे होती.

लखन तिला सोडायला आला होता. एरवी मोठ्यानं बोलणारा माणूस, आज चहा घेऊन निमूट गाडीभोवती फिरला.

"भाऊजी, डिकीले बटन बसवून घ्या. करंटवालं. दाबलं का उघडली. बाईचा तरास वाचन."

"जुन्या गाडीला बसतं?"

"बसते ना. यवतमाळले अमर आहे, माह्या वळखीचा."

कल्पना मला फार आवडली. मी तिच्यासाठी गाडी चालवू शकत नाही, पण हे करू शकतो. एक शंका मात्र आहे: गाडीत असा फेरफार परवानगीशिवाय चालतो का? चौकशी करायला हवी.

१२ सप्टेंबर

यवतमाळला अमरच्या गॅरेजात. अमर तिशीतला, तोंडानं पट्टीचा. हातापेक्षा जीभ जास्त चालते.

"परवानगी?" तो म्हणाला. "सर, लोकं गाडीत देव बसवतात, समया लावतात, झुंबर टांगतात. तुमी एक बटन लावून राह्यले. कोण पकडन तुमाले?"

काम समजावून सांगितलं त्यानं. डिकीच्या कुलपापाशी एक छोटी मोटर बसणार, तिची वायर गालिच्याखालून पुढे येणार, पुढे बटन. बटन दाबलं की मोटर कुलपाची दांडी ओढणार. मी म्हणालो, बटन स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला, खाली लावू, म्हणजे कुणाचा चुकून हात लागणार नाही. पुष्पा म्हणाली, नाही, डावीकडे, गिअरजवळ.

"तिथे विचित्र दिसेल," मी म्हणालो.

"दिसू द्या."

मग बटन निवडणं. अमरनं डबाभर बटनं काउंटरवर ओतली. पुष्पा एकेक दाबून पाहत होती, डाव्या हातानं आणि मग उजव्या. मी एक काळं, बारीक, देखणं बटन पुढे केलं. तिनं सरकवून दिलं. शेवटी तिला आवडलं ते लाल, रुपयाएवढं, दारावरच्या घंटीला असतं तसं.

"याच्याहून नरम नाही का?" तिनं विचारलं.

अमर तिच्या हाताकडे पाहत होता. म्हणाला, "आतली स्प्रिंग काढून हलकी टाकतो, मॅडम. उद्या घेऊन जा."

त्यानं मला चहा आणायला पाठवलं. चहा तर त्याच्याकडे पोऱ्या आणतो. पण मी गेलो. परत आलो तेव्हा दोघं बोलत होते, मला पाहून थांबले. पैशांची घासाघीस चालली असेल. तेवढं माझ्यासमोर बोलायला तिला संकोच वाटत असावा.

१३ सप्टेंबर

बसलं! पुष्पानं सीटवर बसून बटन दाबलं. मागे 'टक' झालं आणि डिकी बोटभर वर आली. तिनं पुन्हा लावायला सांगितली, पुन्हा दाबलं. परत लाव, परत टक. लहान मुलासारखं चाललं होतं. मी मागे उभा राहून डिकी लावत होतो आणि मला वाटलं, इतक्या वर्षांत हिला मी पहिल्यांदाच काही उपयोगाचं दिलं.

पुढे आलो तर तिचे डोळे भरलेले. एवढ्याशा बटनाचं एवढं!

"सर, चाबी फेकू नका," अमर निघताना म्हणाला. "बॅटरी बसली का बटन मेलं. मंग चाबीच कामी येते." डिकीची चावी गाडीच्या चावीपासून सोडवून मी माझ्या जुडग्यात अडकवली. तिला आता ती लागणार नाही.

३ ऑक्टोबर

आजचा प्रसंग लिहिताना अजून हसू येतं. सुट्टी होती म्हणून मीही पुष्पाबरोबर गेलो होतो. बाजाराच्या गर्दीत गतिरोधकावरून गाडी आदळली, डिकी आपोआप उघडली, आणि ती कापडी बाहुली उडून रस्त्यावर पडली. मागून एक भाजीवाली किंचाळली, "अवं माय! लेकरू पडलं, लेकरू!" सगळा बाजार धावला. एका म्हाताऱ्यानं बाहुली छातीशी धरली, उलटी केली, आणि शिवी हासडली. "कापसाचं आहे नं बे हे!" पुष्पा स्टिअरिंगवर डोकं टेकून इतकी हसली की मला भीती वाटली. किती दिवसांनी हसली.

तसेच यवतमाळला गेलो. अमरनं बटन दाबून पाहिलं.

"मॅडमले नरम पाह्यजे होतं. नरम बटन म्हणजे असंच होणार, सर, धक्क्यानंही लागते. कडक टाकू का?"

"टाक," मी म्हणालो.

"नाही," पुष्पा म्हणाली. "नरमच राहू दे. उघडली तर उघडली."

मी पुष्कळ समजावलं. रस्त्यात डिकी उघडणं धोक्याचं, मागच्या गाडीला दिसत नाही, वगैरे. ती ऐकेना. शेवटी अमरनं बटनाभोवती एक रबराची कड बसवून दिली. माझा आवाज चढला होता का? अमरसमोर मी तिला शिकवल्यासारखं बोललो, हे चुकलंच.

१ नोव्हेंबर, तांडा

दिवाळीला याडीकडे आलो आहोत. याडी म्हणजे माझी आई, मानीबाई. ती तांडा सोडत नाही. अंगण सारवलेलं, पोरी दिवे घेऊन घरोघर मोठ्यांना ओवाळून मेरा, म्हणजे दिवाळीची ओवाळणी, मागायच्या तयारीत.

आज एक वेगळीच गोष्ट झाली. आमच्यात बायका पुष्कळ काळानं भेटल्या की गळ्यात पडून सुरात रडतात. ते रडणं शोकाचं नसतं, ती भेट असते. पूर्वी आपली माणसं बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायची, एकदा पांगली की वर्षानुवर्षं गाठ पडायची नाही, त्या काळापासूनचं ते असावं. मी वर्गात हे असंच सांगतो.

तर गाडी थांबली, पुष्पानं बटन दाबलं, मी सामान काढत होतो. याडी घरातून आली. तिनं पुष्पाचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली जागा ती अंगठ्यानं चाचपत राहिली. मग तिच्या गळ्यात पडली आणि सूर धरून रडू लागली. भरल्या सणाला, अंगणात. पुष्पा म्हणत होती, "कांयी छेनी, याडी, कांयी छेनी." काही नाही, काही नाही.

दसऱ्यालाच तर दोघी भेटल्या होत्या! मी हसत म्हणालोही, "याडी, परवाच तर येऊन गेलो आमी." शेजारच्या बायांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकेक करून त्याही येऊन सुरात मिळाल्या. मी बाजूला झालो. पुरुषांचं तिथे काम नसतं.

याडीचं वय झालं. कोण कधी भेटलं हे आता तिच्या लक्षात राहत नाही. तिच्याकडे माझं यायला हवं तितकं येणं होत नाही, ही बोच आहेच.

१९ नोव्हेंबर

कामासाठी यवतमाळला गेलो होतो, बसनं. स्टँडवर अमर भेटला.

"सर! काय म्हणाले मंग नागपूरवाले डॉक्टर?"

"कशाचं?"

"मॅडमच्या हाताचं."

मी म्हणालो, "बरं आहे."

तो म्हणाला, "चांगलं झालं बा. माह्या मामाचं असंच हातापासून सुरू झालतं. मॅडमनं दाखवला तवाच वळखलं मी." मग त्याच्या लक्षात आलं असावं. पुढचं बोलणं गिळून त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मला बसमध्ये बसवून दिलं, म्हाताऱ्याला बसवतात तसं.

२० नोव्हेंबर

विचारलं नाही.

ही दैनंदिनी मागे उलटवून पाहिली. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. चावी, भाकरी, ठिपके, नरम बटन, याडी. आणि प्रत्येक ठिकाणी पुढे मी माझंच काहीतरी लिहून ठेवलं आहे.

२३ नोव्हेंबर

आजही नाही. सकाळी ती केसांना क्लिप लावत होती. एका हातानं जमेना तेव्हा तिनं क्लिप दातांत धरली. मी दारात उभा होतो. पुढे होऊन लावून द्यावी की पाहिलं नाही असं दाखवावं, हे ठरेपर्यंत तिनं केस तसेच सोडून दिले.

२५ नोव्हेंबर

तिनंच विषय काढला. अमरचा तिला फोन आला होता. त्या बिचाऱ्याला राहवलं नाही.

आम्ही मागच्या ओट्यावर बसलो होतो, तुरीच्या शेंगा सोलत. म्हणजे मी सोलत होतो, तिच्या पुढ्यात मूठभर तशाच पडल्या होत्या.

"स्नायूंकडे जाणाऱ्या नसा मरून राह्यल्या माह्या," ती म्हणाली. पोषण आहाराचा अहवाल सांगावा तसं. "हातापासून सुरू झालं. थांबवायचं औषध नाही. गोळी आहे, त्यानं जरा हळू होते म्हणतात. लखननं नेलतं नागपूरले, तिथं हातात सुया टोचून पाह्यलं."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी पयले सोतालेच धरून बसले असते. माझ्यामुळं झालं का, मी लक्ष दिलं नाही का, मी असं, मी तसं. मंग मलेच तुमाले समजवा लागलं असतं. तेवढा जीव नव्हता माह्यात."

तोंडाशी आलेलं प्रत्येक वाक्य 'मी'नं सुरू होत होतं.

"आता रडा वाटलं तर रडा," ती म्हणाली. "पण शेंगा सोलत रडा. बेबीताईले वरण द्याचं कबूल केलं मीनं."

सोलत राहिलो. आमची मुलगी दीपा अकोल्याला शिकते. तिची परीक्षा होईपर्यंत तिला सांगायचं नाही, असं ठरलं. हेही पुष्पानंच ठरवलं.

८ डिसेंबर

पुष्पानं गाडी चालवणं बंद केलं. कुणी सांगितलं नाही. परवा वळणावर स्टिअरिंग हातातून निसटलं, तेव्हा तिनं गाडी कडेला घेतली, चावी काढून माझ्या मांडीवरच्या पिशवीत टाकली आणि उतरली. आम्ही ऑटोनं घरी आलो. लखन येऊन गाडी घेऊन आला.

११ जानेवारी

लखन दर रविवारी पांढरकवड्याहून येतो आणि मला शिकवतो. ओरडतो फार.

"भाऊजी, क्लच सोडा! हळू! हळू म्हणजे झोपा नाही!"

पुष्पा मागच्या सीटवर बसून तोंडाला पदर लावते. "आपले आजे बैलावर मीठ लादून निजामात जाऊन येत होते, तेही याच्याहून लवकर," म्हणाली. मी गाडी बंद पाडली की ती मागून मोजते. तुरीच्या त्या शेताजवळून गेलो तेव्हा दोघं बहीण-भाऊ एकदम ओरडले, "सांभाळा!"

याच दिवसांत घरात सगळ्यात जास्त हसणं होतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

२ फेब्रुवारी

अमर घरी येऊन गेला. बटन गिअरजवळून काढून डाव्या बाजूच्या सीटसमोर, गुडघ्याच्या वर लावलं. आता ती तिथे बसते. डाव्या हाताची बोटंही आता रेंगाळतात, म्हणून बटन असं लावलं की मनगटानं किंवा गुडघ्यानंही दाबता यावं.

मी अमरला बाजूला घेऊन म्हणालो, "आता बटन कशाला? मीच तर चालवतो. चावी आहे माझ्याकडे."

तो म्हणाला, "सर, मॅडमनं बोलावलं मले. तुमी नाही."

१८ फेब्रुवारी, नागपूर

पहिल्यांदाच एवढी लांब गाडी चालवली. खांदे दगड झाले आहेत. पुष्पा वाटेत दोनदा झोपली, याचा मला अभिमान वाटला.

दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली. कागदांची पिशवी डिकीत होती. मी उतरून मागे जाऊन उभा राहिलो. आतून ती म्हणाली, "थांबा, मी उघडते."

मागच्या काचेतून तिचं डोकं दिसत होतं. खांदा वर गेला, खाली आला. काही वाजलं नाही. पुन्हा. मागे दोन गाड्या येऊन लागल्या. एकानं हॉर्न दिला.

रखवालदार आला. "ओ काका, काढा ना गाडी. लाईन लागली मांघं."

"एक मिनिट. डिकी उघडते आहे."

"चाबी नाही का?"

चावी माझ्या मुठीत होती. तेल दिलेलं कुलूप आहे, माझ्या हातानं एका झटक्यात उघडलं असतं. मागचे हॉर्न वाढले. कुणाचा खोळंबा करायची कल्पनाही मला आजवर सहन झालेली नाही. रांगेत माझ्यामागे कुणी असलं की मी सुटे पैसे आधीच मोजून ठेवतो. रखवालदारानं डिकीवर थाप मारली. पुष्पानं मागे वळून पाहिलं नाही. तिचा खांदा आता वर जात नव्हता, ती सगळीच सीटवर पुढे सरकली होती, गुडघ्यानं प्रयत्न करत असावी.

"चाबी आहे का नाही, काका?"

"नाही," मी म्हणालो.

मग टक झालं.

हे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो आहे. ती आत तपासणीला आहे. आत जाण्याआधी तिनं विचारलं, "परतताना पिशवी मांघच्या सीटवरच ठेवाची का?" आवाज दमलेला होता. ती सुटका मागत होती की मला देत होती, मला ओळखता आलं नाही.

"नाही," मी म्हणालो, "डिकीतच ठेवू."

ती आत गेली. बरोबर केलं की नाही, कळत नाही. चावी अजून मुठीतच आहे.